पग पाळायचाय? आधी खर्चाचा हिशोब बघा, मग पिल्लू बघा

२००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीची ती जाहिरात आली, मुलाच्या मागे मागे पळणारा चपट्या नाकाचा कुत्रा, आणि तेव्हापासून आपल्याकडे पगचं जे वेड लागलं ते अजून काही उतरलेलं नाही. तेव्हा पग हा शब्दसुद्धा फारसा कुणाला माहीत नव्हता, सगळे हच डॉगच म्हणायचे, २००७ ला हचचं व्होडाफोन झालं तरी आमच्या सोसायटीतल्या काकू अजून "तुमचा हच डॉग कसा आहे" असंच विचारतात. आमच्याकडे आता चिंगी नावाची पग आहे, तिच्या आधी मोती होता, त्यामुळे ओळखीत कुणाच्या डोक्यात पग घ्यायचं आलं की फोन मला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याला मिळतो?"

विचारायला हरकत नाही, पण खरं सांगू का, पगच्या एकूण खर्चात पिल्लाची किंमत सगळ्यात किरकोळ. पैसे जातात ते नाक, डोळे, कातडी आणि उन्हाळा या चार ठिकाणी, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी पिल्लू निवडतानाच ठरून जातात. खाली जे आकडे देतोय ते पुणे-मुंबईकडचे, अंदाज म्हणून घ्या, लहान शहरात थोडे कमी धरा.

१. आधी घराकडे बघा

कुत्रा गार होतो तो धापा टाकून. तोंडातून, नाकातून हवा जाते-येते, आतला ओलावा उडतो, अंग गार होतं. पगचं नाकच चेपलेलं, आतली जागा कमी, पण आतलं मांस तेवढंच, त्यामुळे ही सगळी सोय अर्धवट चालते. म्हणजे तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर पत्र्याखाली नाहीतर उघड्या गच्चीखाली असेल, दुपारी घरात कुणी नसेल आणि एसी लावायची तयारी नसेल, तर पगचा विचार सोडून द्या, यात मला काही जर-तर वाटत नाही. आपला गावठी कुत्रा घ्या, तो तुमच्या उन्हाला पुरून उरेल.

दुसरं म्हणजे वेळ. पगला फिरवायला फार वेळ लागत नाही, पण पुसायला लागतो, रोज. आणि त्याला एकटं राहवत नाही, बाथरूमपर्यंत मागे येतो, ती जाहिरात त्या बाबतीत अगदी खरी होती. दोघं नोकरीला, घरात आजी-आजोबा नाहीत असं असेल तर दिवसा सांभाळणाऱ्याचा खर्च आत्ताच हिशोबात धरा.

सुरकुत्यांचं कौतुक म्हणून शारपे नाहीतर बुलडॉग बघत असाल तर एवढंच सांगतो, बुलडॉग पगच्या तिप्पट वजनाचा असतो, मग खाणं, औषध, भूल सगळंच त्या मापात वाढतं, आणि शारपेच्या पापण्या आत वळायचा त्रास इतका असतो की पिल्लूपणीच ऑपरेशनची वेळ येऊ शकते. नवख्या माणसाने पगवर थांबावं.

२. पिल्लू निवडणं, इथे घाई केली की पुढे हप्ते

बिनकागदाचं पिल्लू १० ते १५ हजारांत सुद्धा मिळतं, केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, कागदांसकट २५-४० हजार. कागद असले म्हणजे पिल्लू निरोगी असं अजिबात नाही, कागद फक्त आई-बाप कोण ते सांगतात. तरी कागदवाला ब्रीडर, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणारा, आई दाखवायला सहसा नाही म्हणत नाही, आणि आपल्याला आईच बघायचीय.

काय बघायचं ते नीट वाचा. आधी नाकपुड्या. समोरून बघितल्यावर भोकं गोल, उघडी दिसली पाहिजेत. नुसती बारीक फट दिसत असेल, स्वल्पविरामासारखी, तर ते पिल्लू कितीही गोड असो, पुढे ऑपरेशन वाट बघतंय. मग त्याला दोन-तीन मिनिटं पळवा, बॉल टाका, आणि मग गप्प बसून ऐका. थोड्या धापा ठीक, पण घशातून घरघर, शिट्टीसारखा आवाज, किंवा श्वास घेताना मान पुढे ताणणं, हे नको. हेच आईचं करा, तिला आवारात दोन चकरा मारायला लावा. ब्रिटनमध्ये तिथल्या केनेल क्लबने केंब्रिज विद्यापीठाबरोबर २०१९ पासून अशीच एक टेस्ट चालू केलीय, आधी गळ्याशी स्टेथोस्कोप लावून ऐकायचं, मग ३ मिनिटं भरभर चालवायचं, मग परत ऐकायचं, आणि ० ते ३ असा दर्जा द्यायचा. तुमच्या व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला, सांगितलं तर तोही मोठ्या कुत्र्याचं असं ऐकून देईल, फीच्या ५००-८०० रुपयांत पुढचे पन्नास हजार वाचतात.

"सगळे पग घोरतातच हो" असं ब्रीडर म्हणणारच. झोपेत घोरणं वेगळं आणि जागेपणी, नुसतं बसलेलं असताना आवाज येणं वेगळं. जागेपणीचा आवाज म्हणजे श्वासाचा त्रास, त्याला गोड म्हणायची पद्धत आपण पाडलीय. गंमत म्हणजे पग चीनमधून युरोपात गेला तो हॉलंडमार्गे, तिथे तो राजघराण्याचा लाडका, आणि आज त्याच हॉलंडमध्ये ज्या कुत्र्याचं नाकाड डोक्याच्या एक तृतीयांशापेक्षा आखूड आहे त्याची पैदास करता येत नाही. आपल्याकडे मात्र नाक जेवढं आत तेवढी किंमत जास्त.

नियमाने ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी पाहिजे. तुम्हाला ३५-४० दिवसांचं पिल्लू कुणी टोपलीत घालून हायवेच्या ढाब्यावर आणून द्यायला तयार असेल तर फोन ठेवून द्या. असली पिल्लं घरी येतात आणि आठवड्याभरात पार्वोने, म्हणजे पिल्लांच्या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराने, दवाखान्यात असतात, आणि पार्वोची सलाईन, दाखल करणं, इंजेक्शनं मिळून १५-२५ हजार सहज, तेही वाचेल याची खात्री नाही.

आणि एक पर्याय लोकांना सुचतच नाही, मोठा पग दत्तक घेणं. बदली झाली, बाळ झालं, खर्च झेपला नाही, अशा कारणांनी तीन-चार वर्षांचे पग पुण्या-मुंबईच्या दत्तक ग्रुपवर येत असतात. तीन वर्षांच्या पगचं नाक कसं आहे, डोळे कसे आहेत, कातडी कशी आहे ते समोर दिसतं, जुगार नाही. मला विचाराल तर नवख्या माणसासाठी हेच बरं.

३. पहिले दोन-तीन महिने

पिल्लाच्या लसी ६ ते ८ आठवड्यांपासून चालू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण १६ आठवड्यांपर्यंत, आणि रेबीज तीन महिन्यांला. मुंबई-कोकणात असाल तर लेप्टोच्या लसीचं विचारून घ्या, पावसात उंदरांच्या मुताने होतो तो. जंताचं औषध पहिले तीन महिने दर पंधरवड्याला. सगळं मिळून ५-६ हजार. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका.

पट्टा गळ्यात नको, हार्नेस घ्या, छातीभोवती बसणारा पट्टा असतो तो, ६००-१००० चा. गळ्याला ओढ बसली की आधीच अरुंद असलेला श्वास अडतो आणि डोळ्यांवरचा दाब वाढतो, आणि पगच्या डोळ्यांच्या खोबण्या इतक्या उथळ असतात की हे हसण्यावारी न्यायचं काम नाही, पुढे सांगतो.

महापालिकेचा परवाना काढा, ऑनलाइन होतो, रेबीजचं सर्टिफिकेट लागतं, फी फार नाही. सोसायटीने "कुत्रा चालणार नाही" असा ठराव केला तरी तो टिकत नाही, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांत स्पष्ट आहे की बहुमताने सुद्धा बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. पण भांडण्यापेक्षा परवान्याची झेरॉक्स सेक्रेटरीकडे देऊन टाका आणि शी उचलायला पिशवी ठेवा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

नसबंदी साधारण वर्षाच्या आसपास, वेळ डॉक्टर सांगतील, ८ ते १५ हजार. पगला भूल देणं हा वेगळा विषय आहे. "भूल गॅसची आहे का, ऑक्सिजनचा मॉनिटर आहे का, नीट जाग येईपर्यंत घशातली नळी ठेवता का" हे तीन प्रश्न विचारा. ज्या दवाखान्यात या प्रश्नांचा राग येतो तिथे ऑपरेशन करू नका, भले दोन हजार जास्त जाऊ देत.

४. सुरकुत्या, म्हणजे रोजचं काम

कपाळावरच्या घड्या दिसायला जास्त असतात पण त्रास देते ती नाकावरची वळी, डोळ्यांच्या मधोमध जाड मिशीसारखी असते ती. तिच्याखाली डोळ्यांतलं पाणी झिरपतं, जेवताना अन्नाचा कण जातो, हवा लागत नाही, आणि तिथे यीस्ट आणि बॅक्टेरिया वाढतात. पहिली खूण वास, आंबूस, शिळ्या ताकासारखा. मग तपकिरी मळ, मग लाली, मग कुत्रा सोफ्यावर तोंड घासायला लागतो, आणि तिथपर्यंत गेलं की अँटिबायोटिक, मलम, फेरतपासणी मिळून दोन-तीन हजारांचा विषय झाला.

आमच्याकडे रात्रीचं जेवण झालं की चिंगीला मांडीवर घेतात. जुन्या सुती साडीचे लहान तुकडे करून, धुवून, डब्यात ठेवलेत. एक तुकडा उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवायचा, घट्ट पिळायचा, तर्जनीला गुंडाळायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वळी हळूच वर उचलायची, आणि आतून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बोट फिरवायचं. तुकड्यावर चहासारखा डाग येतो, तो येईनासा होईपर्यंत. मग दुसरा कोरडा तुकडा, आणि हा कोरडा तुकडाच महत्त्वाचा. लोक ओलं पुसतात आणि सोडून देतात, त्यापेक्षा न पुसलेलं परवडलं, कारण ओल आत राहिली की झालंच. ओठांच्या कडा, हनुवटीखाली आणि शेपटीच्या वेटोळ्याखाली पण असंच, शेपटीखालचा खळगा सगळे विसरतात. उन्हाळ्यात दिवसाआड चालतं, पावसाळ्यात रोज, आणि आंघोळीनंतर लगेच. पिल्लूपणी पहिल्या आठवड्यापासून सवय लावा, पुसून झालं की चुरमुऱ्याएवढा चिकनचा तुकडा, मग ते स्वतःहून येऊन बसतं.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे वाइप्स मिळतात, ४००-६०० चं पाकीट, आठवड्यातून दोनदा बास, पण डोळ्याला लागू देऊ नका, बुबुळाला इजा होते त्याने. टाल्कम पावडर नको, ओलीत तिचा लगदा होतो. खोबरेल तेल नको, हळद-तेल तर नकोच, आजी कितीही म्हणाली तरी. तेलाने ओल आत कोंडते. बेबी वाइप्स सुगंधाचे असतात, तेही नको.

बाकी केस भरपूर गळतात हे आधीच सांगून ठेवतो, लहान केसांचा आहे म्हणून फसू नका, रबरी ब्रश आठवड्यातून दोन-तीनदा. आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा. ग्रूमरकडे गेलात तर ८०० ते १२००, घरी केलंत तर शाम्पूचेच पैसे. नखं कापायला भीती वाटत असेल तर तेवढी व्हेटकडे करून घ्या.

५. खाणं, आणि घरातले लाड

पगचं ठीक वजन ६ ते ८ किलो. आपल्याकडचे पग बघा, दहा-बारा किलोचे सर्रास दिसतात आणि लोक त्याला "खात्यापित्या घरचा" म्हणतात. पगच्या बाबतीत जाडी म्हणजे सरळ खर्च: चरबी घशाभोवती पण साठते, श्वास अजून अडतो, उन्हात अजून लवकर तापतो, गुडघ्याची वाटी सरकायची तक्रार वाढते. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवला तर बोटांना लागल्या पाहिजेत, ही घरची टेस्ट.

चांगलं कोरडं फूड ५०० ते ९०० रुपये किलो, मोठ्या पगला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे महिन्याला साडेतीन-चार किलो, दोन ते साडेतीन हजार. वजनकाट्यावर मोजून द्या, वाटीने नको, प्रत्येकाची वाटी वेगळी. घरचं देणार असाल तर चिकन-भात-भोपळा, किंवा ज्वारीची भाकरी कुस्करून अंडं, चालतं, पण नुसता दूध-भात नाहीतर दूध-चपाती वर्षानुवर्षं घातली तर कातडीवर दिसतं ते, आणि मग कातडीच्या डॉक्टरची फी. घरच्या जेवणाचं प्रमाण एकदा व्हेटकडून लिहून घ्या.

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं अजिबात नाही. आणि बेदाणे-मनुका सुद्धा नाही, सत्यनारायणाचा शिरा पाहुण्यांनी प्रेमाने भरवला असं होतं, त्यात मनुका असतात आणि त्याने किडनी जाऊ शकते. ग्लुकोजची बिस्किटं हा तर आपला राष्ट्रीय रोग आहे, सकाळच्या चहाबरोबर आजोबा एक, मुलगी एक, कामवाल्या मावशी एक. फ्रिजवर कागद लावा, कुणी काय दिलं त्याची खूण करायची, आठवड्यात सगळ्यांना कळतं.

दात पण याच खात्यात येतात. कुत्र्याला ४२ दात असतात आणि पगच्या जबड्यात तेवढी जागाच नसते, वाकडेतिकडे उगवतात, मध्ये अन्न अडकतं. कुत्र्याची टूथपेस्ट आणि बोटाचा ब्रश, ४०० रुपये. नाही केलं तर काही वर्षांनी भूल देऊन स्केलिंग, म्हणजे दातांची सफाई, ६ ते १२ हजार, आणि परत ती भूल.

६. उन्हाळा

हा खर्च कुणीच आधी धरत नाही. मार्च ते जून मध्यापर्यंत दुपारी एसी लागतो, एक टनाचा इन्व्हर्टर एसी दिवसाला आठ तास चालला तर साधारण ५-६ युनिट, महिन्याला दीडशेच्या पुढे, आणि महावितरणचा वरचा स्लॅब लागला की युनिटचा दर पण चढतो, म्हणजे दीड-दोन हजार महिन्याला सहज वाढले. नागपूर-अकोल्याकडे हवा कोरडी, तिथे कूलरने बरंच भागतं, पण पारा ४५ ला गेला की तिथेही एसीच. मुंबई-कोकणात कूलरचा उपयोग शून्य, उलट दमटपणा वाढतो, आणि दमट हवेत धापेने ओलावाच उडत नाही. म्हणून मुंबईत ३४ डिग्रीला पगचे जे हाल होतात ते पुण्यात ३७ ला होत नाहीत.

फिरायला सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. तळहाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद ठेवा, ठेववली नाही तर पगलाही त्यावर चालवू नका. गाडीत बसवून "पाच मिनिटांत येतो" हे तर कधीच नाही, सावलीत सुद्धा नाही.

थर्मामीटर घरात ठेवा, दीडशे-दोनशे रुपयांचा डिजिटल, शेपटीखालून घ्यायचं. नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेलं की इमर्जन्सी. जीभ जांभळट, लाळ दोरीसारखी, पाय लटपटतायत, असं दिसलं तर थर्मामीटर शोधत बसू नका: सावलीत किंवा पंख्याखाली आणा, नळाचं साधं पाणी अंगावर ओता, पोटाकडून, जांघेत, ओतत राहा, पंखा फुल, आणि मग डॉक्टरकडे, गाडीत एसी लावून. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याच्या आत उष्णता कोंडते. तोंडात पाणी ओतू नका. आधी गार करायचं, मग न्यायचं, हा क्रम लक्षात ठेवा, कारण ट्रॅफिकमध्ये अर्धा तास तापलेला कुत्रा घेऊन बसलात तर पोहोचून काही उपयोग नसतो.

७. अडीअडचणीचा पैसा

पिल्लू घरी आणायच्या दिवशी वेगळ्या खात्यात किंवा आरडीत पैसे टाकायला सुरुवात करा, आणि वर्षभरात ते ५० हजारांपर्यंत न्या. कशासाठी ते सांगतो.

नाक. नाकपुड्या रुंद करणं आणि घशातला लांबलेला मऊ टाळू कापणं, हे ऑपरेशन मोठ्या शहरात २५ हजारांपासून सुरू होतं आणि दाखल ठेवायचे दिवस धरून दुप्पट होऊ शकतं. लवकर केलं तर बरं, उशीर झाला की सतत ओढून ओढून घशातले बाकीचे भाग पण सुजून आत ओढले जातात. हां, एक मात्र आहे, पग अचानक उभा राहून खर्र खर्र असा आत श्वास ओढतो, जणू गुदमरतोय, नवीन माणूस रात्री दोनला दवाखाना शोधायला निघतो. ती उलटी शिंक असते, मिनिटभरात थांबते, गळा हलक्या हाताने चोळा. वारंवार व्हायला लागली तर व्हिडिओ काढून डॉक्टरला दाखवा.

डोळे. बाहेर आलेले, पापणी पूर्ण मिटत नाही, त्यामुळे कोरडे पडतात आणि टोचतं काहीही, गवताचं पातं, मांजराचं नख, स्वतःचाच केस. डोळा बारीक करतोय, पाणी येतंय, निळसर झाक दिसतेय, तर त्याच दिवशी दाखवा, उद्यावर नको. बुबुळावरची जखम लवकर सापडली तर थेंब आणि दोन-तीन फेऱ्या, दोन-तीन हजार. उशिरा सापडली तर ऑपरेशन किंवा डोळा. आणि घरात पडलेले माणसांचे थेंब घालू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर जखम वितळल्यासारखी पसरते. दोन-तीन वर्षांचा झाला की अश्रूंची टेस्ट वर्षातून एकदा, कागदाची पट्टी डोळ्यात मिनिटभर ठेवतात, काही शे रुपये.

मोठ्या कुत्र्याने मान धरली किंवा कुणी मानेचं कातडं ओढलं तर पगचा डोळा खोबणीतून बाहेर सुद्धा येतो. ऐकायला भयंकर आहे पण माहीत असलेलं बरं: आत ढकलायचा नाही, सलाईन नाहीतर स्वच्छ पाण्याने भिजवलेला कापूस वर धरायचा, आणि थेट दवाखाना. वेळेत गेलं तर डोळा वाचू शकतो.

गोचीड. पावसाळ्यात आणि पावसानंतर गोचीड तापाच्या केसेस इतक्या असतात की दवाखान्यात बसायला जागा नसते. महिन्याची गोळी ७००-९००, तीन महिन्यांची दोन-अडीच हजार. न दिली तर रक्ततपासण्या, सलाईन, प्लेटलेट, ८-१० हजार. हिशोब सोपा आहे.

विमा मिळतो कुत्र्यांचा, सरकारी आणि खासगी दोन्ही कंपन्या देतात, पण पॉलिसीतलं बारीक अक्षरातलं वाचा, जन्मजात आणि वंशाने येणारे आजार बऱ्याचदा वगळलेले असतात, आणि पगचे मोठे आजार नेमके तेच. चोरी, अपघात यासाठी ठीक. मी स्वतः आरडीवर विश्वास ठेवतो.

खर्च हाताबाहेर जात असेल तर खासगीच पाहिजे असं नाही. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट हे जनावरांचं हॉस्पिटल ब्रिटिश काळापासून आहे, त्याच आवारात व्हेटर्नरी कॉलेज. पुण्या-साताऱ्याकडच्यांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील कॉलेज, विदर्भात नागपूरचं, मराठवाड्यात परभणी आणि उदगीर. थांबावं लागतं, अर्धा दिवस जातो, पण एक्स-रे, सोनोग्राफी, ऑपरेशन खासगीच्या तुलनेत खूप कमी पैशात होतं आणि रोज असल्या केसेस बघणारी माणसं असतात तिथे.

एकूण किती

शहरात, निरोगी पग: खाणं, गोचीड, वाइप्स-शाम्पू, एसी, वर्षाच्या लसी आणि एक रक्ततपासणी मिळून महिन्याला ५ ते ७ हजार, म्हणजे वर्षाला ६०-८५ हजार. पहिल्या वर्षी त्यात पिल्लू, लसी, नसबंदी, पिंजरा-गादी-भांडी धरून वर ३०-६५ हजार. आणि अडीअडचणीचे पन्नास वेगळे. ब्रीडर "बारा-पंधरा वर्षं जगतो" म्हणतात आणि जगणारे जगतातही, पण लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या कुत्र्यांचे जे आकडे छापले त्यात पगचं सरासरी आयुर्मान ७.७ वर्षं निघालं, सगळ्या कुत्र्यांचं मिळून ११.२. तिथली हवा तर आपल्यापेक्षा थंड.

८. गावी जाताना

विमानाच्या सामानकक्षातून चपट्या नाकाचे कुत्रे बऱ्याच एअरलाइन्स नेतच नाहीत, आणि नेत असल्या तरी पाठवू नका. रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे बुक केला तर बरोबर नेता येतो, गार्डच्या डब्यातला कुत्र्याचा खोका पगसाठी नाही. त्यापेक्षा स्वतःची गाडी, पहाटे निघायचं, एसी चालू.

नेणं जमत नसेल तर बोर्डिंग, म्हणजे पैसे देऊन कुत्रा सांभाळायला ठेवायची जागा, दिवसाला ६०० ते १२००. एसीची खोली आहे का ते आधी जाऊन डोळ्यांनी बघा, फोनवर सगळेच हो म्हणतात. लसींचं कार्ड आणि केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, लस लागते, ती दोन-तीन आठवडे आधी घ्या. कागदावर लिहून द्या: किती ग्रॅम दोन वेळा, वळी कशी पुसायची, दुपारी बाहेर नाही, गळ्यात पट्टा नाही, मोठ्या कुत्र्यांबरोबर सोडायचं नाही, आणि तुमच्या व्हेटचा नंबर. गणपतीला कोकणात जाणार असाल तर जूनमध्येच बुक करून टाका, ऑगस्टमध्ये एसीच्या खोल्या शिल्लक नसतात.